घरी घडवलेले मनगटी घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामांकित घड्याळाची प्रतिकृती घरच्या घरी घडवण्याच्या छंदाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. माझे शिक्षण फिटरचे आहे, घड्याळजीचे नाही. त्यामुळे धातूच्या कामाबद्दल उत्तरे लांबली आहेत आणि मशीनच्या पोटातल्या गोष्टींबद्दल ती आखडती आहेत.

१. अशी प्रतिकृती आणि बाजारातली ‘फर्स्ट कॉपी’ यांत फरक काय?

फर्स्ट कॉपीच्या तबकडीवर दुसऱ्याचे नाव छापलेले असते आणि पाहणाऱ्याने फसावे हाच तिचा उद्देश असतो. आपण ज्या प्रतिकृतीबद्दल बोलत आहोत ती एखाद्या गाजलेल्या घड्याळाचा आकार, प्रमाणे आणि बांधणी समजून घेऊन स्वतःच्या हाताने पुन्हा घडवलेली वस्तू आहे. तिच्यावर मूळ कंपनीचे नाव किंवा चिन्ह नसते. आणखी एक तिसरा प्रकार आहे. जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून आणि वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या नगांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ते नाव कौतुकाने दिलेले नाही, हे सांगायला नकोच.

२. सुरुवातीला कोणत्या घड्याळाची प्रतिकृती करावी?

बहुतेकांच्या डोक्यात अष्टकोनी ‘रॉयल ओक’ असते. जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले आणि १९७२ साली बाजारात आलेले हे घड्याळ दिसायला सरळ रेषांचे आहे. त्याच्या कडांवर चकाकी आणि घासलेला पृष्ठभाग जेथे मिळतात ती रेघ हाताने सरळ राखणे मात्र मुरलेल्या कारागिरालाही जड जाते, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी ते नको.

माझी शिफारस पानेराईच्या ‘रेडिओमिर’ घराण्यातील जुन्या घड्याळाची आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीच्या नौदलातील पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या सैनिकांसाठी, फ्लॉरेन्सच्या पानेराई दुकानाने ही घड्याळे पुरवली आणि ती रोलेक्सने बनवून दिली होती. ३६४६ या क्रमांकाच्या त्या नमुन्याची केस, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, ४७ मिलिमीटरची आणि उशीसारखी फुगीर असे, पट्टा अडकवायला तारेच्या साध्या कड्या असत, तबकडीवर चार ठसठशीत अंक असत आणि आत खिशातल्या घड्याळाचे मशीन असे. यातील प्रत्येक गोष्ट आपल्या सोयीची आहे. आकार मोठा असल्यामुळे चूक सावरता येते, फुगीर बाजू कानशीने निघतात आणि मशीन मोठे असल्यामुळे चाळिशी लागलेल्या डोळ्यांनाही दिसते. पुढील बहुतेक उत्तरे हाच नमुना धरून दिली आहेत.

३. आतले मशीन घरी बनवता येते का?

नाही. बॅलन्स व्हील, बालकमानी (त्याची केसासारखी बारीक, वेटोळी स्प्रिंग), दातेरी चाके आणि माणकांचे बेअरिंग घरी बनवणारे लोक जगात आहेत, पण तो छंद राहत नाही, आयुष्य होते. तयार मशीन विकत घ्यावे.

या नमुन्यासाठी दोन पर्याय योग्य आहेत. पहिले म्हणजे स्विस ‘ईटीए ६४९७’, जे पूर्वी ‘युनिटास’ नावाने ओळखले जाई. दुसरे त्याच आराखड्यावरचे चिनी ‘सीगल एसटी३६’. दोन्हींचा व्यास ३६.६ मिलिमीटर, जाडी ४.५ मिलिमीटर आणि माणके १७ असतात, आणि दोन्ही हाताने चावी देण्याची आहेत. १९९० च्या दशकात पानेराईनेही आपल्या घड्याळांत ६४९७ वापरले होते, त्यामुळे ही निवड केवळ काटकसरीची नाही. स्वयंचलित मशीन हवेच असेल तर जपानी ‘एनएच३५’ घ्यावे. ते २७.४ मिलिमीटरचे असल्यामुळे ४७ मिलिमीटरच्या केसमध्ये त्याच्याभोवती जाड कडे घालावे लागते आणि मागून पाहिल्यावर मोठ्या डब्यात एकच लाडू उरल्यासारखे दिसते.

४. हे कायद्याला धरून आहे का? बनवलेले घड्याळ विकता येईल का?

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार व्यापाराच्या ओघात दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह वापरणे हे उल्लंघन आहे. खोटे चिन्ह लावण्यासाठी आणि तसा माल विकण्यासाठी कलम १०३ आणि १०४ मध्ये ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. स्वतःच्या मनगटासाठी, नाव आणि चिन्ह न लावता घडवलेल्या एका घड्याळाचा यात प्रश्न येत नाही.

आता आकाराविषयी. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवलेल्या आकाराला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते, त्यामुळे १९३० च्या दशकातील उशीच्या आकाराबद्दल काळजी नको. व्यापारचिन्हाची नोंदणी मात्र दर १० वर्षांनी कितीही वेळा वाढवता येते आणि एखादा आकारही चिन्ह म्हणून नोंदवता येतो. पानेराईच्या ‘लुमिनोर’ घड्याळात चावीवर जो अर्धगोल पूल आणि दाबणारी दांडी असते, त्यातील पुलावर नोंदणीची अक्षरेच कोरलेली असतात. तो पूल बनवू नये. तारेच्या कड्यांच्या जुन्या नमुन्यात तो मुळातच नाही.

विकण्याबद्दल विचाराल, तर नाव नसलेले घड्याळ विकण्यापूर्वीही वकिलाचा सल्ला घ्यावा. तबकडीवर ‘स्विस मेड’ असे तर चुकूनही लिहू नये. २०१७ पासून त्या शब्दांसाठी घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो, आणि आपला तर बहुतेक भाग मुंबईच्या गुलालवाडीतल्या धातूबाजारातला असतो.

५. हत्यारे आणि धातू कोठे मिळतात?

पितळ, गनमेटल आणि तांब्याची कांब व पत्रा यांसाठी मुंबईतील गुलालवाडी, आणि कानशी, टॅप-डाय, व्हर्नियर यांसाठी नागदेवी स्ट्रीट, हे दोन पत्ते पुरतात. ठाण्याहून लोकलने मशीद बंदरला उतरले की दोन्ही पायी होतात. घड्याळजीची हत्यारे, म्हणजे चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला लावायचे भिंग आणि काटे बसवण्याची दाबणी, ही अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला मिळतात. चिमट्यावर पैसे वाचवू नयेत. स्वस्त चिमट्याची टोके जुळत नाहीत आणि त्यातून निसटलेला स्क्रू पुन्हा दिसत नाही. माझ्याकडून उडालेली एक चिमुकली स्प्रिंग दिवाळीच्या साफसफाईत पायपुसण्याच्या काथ्यात सापडली. तोवर मी तिच्या जागी दुसरी मागवून घड्याळ चालूही केले होते.

६. फ्लॅटमध्ये लेथ ठेवता येतो का? नाही तर काय करावे?

सुमारे ४० किलोचा छोटा लेथ (धातू फिरवून गोल कातण्याचे यंत्र) जाड लाकडी फळीवर, खाली रबर घालून, बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत चालतो. आवाजापेक्षा पितळेचा कीस अधिक त्रास देतो. तो पायाला चिकटून घरभर जातो आणि एकदा तो पोळीच्या पिठात निघाला की छंदाची मुदत संपते.

लेथ नसेल तर वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यातील लहान वर्कशॉपमध्ये गोल काम करून घ्यावे. अडचण अशी की एका नगासाठी सेटिंग करायला टर्नर राजी नसतो. यावर माझा उपाय म्हणजे रेखाचित्र कागदावर, सर्व मापांसह आणि कोठे किती सूट चालेल ते लिहून न्यावे, आणि दोन नगांचे पैसे द्यावेत. दुसरा नग लागतोच. ‘साधारण एवढे’ असे बोटांनी दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणीही उभे करत नाही, आणि तीस वर्षे टूलरूममध्ये काढल्यावर मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही.

७. केस कोणत्या क्रमाने घडवावी?

आधी सगळे गोल काम आणि नंतर चौकोनी काम, हा क्रम मोडू नये. ५५ मिलिमीटर व्यासाची कांब घ्यावी, कारण ४७ मिलिमीटरच्या उशीचे कोपरे तिरक्या मापात त्याहून मोठे असतात. कांब लेथच्या चकमध्ये, म्हणजे ती धरणाऱ्या जबड्यात, असतानाच मशीनची खोबण, काचेची बैठक, मागच्या झाकणाची बैठक आणि दोन्हींचे आटे पाडून घ्यावेत. एकदा बाहेरचा आकार उशीसारखा झाला की तो तुकडा चकमध्ये पुन्हा सरळ धरता येत नाही.

त्यानंतर चावीच्या दांडीचे भोक. माझी पहिली केस येथेच वाया गेली. मशीनमध्ये दांडीचा मध्य ज्या उंचीवर असतो, नेमक्या त्याच उंचीवर केसच्या बाजूला भोक पडले पाहिजे. मी मशीनची बैठक मोजली आणि तबकडीची जाडी धरायला विसरलो. भोक ०.३ मिलिमीटर, म्हणजे आमच्या भाषेत बारा थाऊ खाली गेले. दांडी आत गेली, चावीही फिरली, पण फिरवताना वाळू चावल्यासारखे लागत होते आणि चौथ्या दिवशी दांडी आट्यांपाशी तुटली. तेव्हापासून मी मशीनवर रिकामी तबकडी बसवून, ती जोडी केसमध्ये ठेवून, दांडीच्या जागी टोकदार तार घालून आतून खूण करतो आणि मगच भोक पाडतो.

बाहेरच्या फुगीर बाजू कानशीने काढताना चारही कोपरे एकदम पुरे करू नयेत. समोरासमोरचे दोन घ्यावेत, पत्र्याचा साचा कापून तो लावून पाहावा आणि मग उरलेले दोन घ्यावेत. नंतर पॉलिश पेपर २२०, ४००, ८०० आणि १२०० या चढत्या क्रमाने, दर वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवा फिरवावा. बफ शेवटी आणि थोडा वेळ. बफ जास्त फिरला की कडा वितळल्यासारख्या गोल होतात आणि घड्याळ साबणाच्या वडीसारखे दिसू लागते.

८. पट्ट्याच्या तारेच्या कड्या कशा जोडायच्या?

चांदीच्या झाळाने (वितळवून जोड देणाऱ्या मिश्रधातूने), आणि आत काहीही बसवण्यापूर्वी. टाकणखार पाण्यात कालवून जोडावर लावावा, संपूर्ण केस सारखी तापवावी आणि झाळ शेवटी लावावा. आपला झाळ ६५० ते ७५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाहतो आणि पितळ ९०० च्या आसपास वितळू लागते, त्यामुळे हाताशी फारसे अंतर नसते. बत्ती एकाच जागी धरल्यामुळे माझ्या दुसऱ्या केसचा एक कोपरा खचला आहे. ती केस मी टाकलेली नाही, टाकणखार ठेवायला वापरतो. जोड थंड झाल्यावर तुरटीच्या पाण्यात उकळला की काळपट थर निघतो. हे सगळे नको असेल, तर ओळखीच्या सोनाराकडे केस आणि तार नेली तरी तो दहा मिनिटांत करून देतो.

९. दोन पत्र्यांची तबकडी म्हणजे काय? अंक देवनागरीत कापता येतील का?

या नमुन्याचे खरे सौंदर्य येथे आहे. वरच्या पत्र्यात अंक आरपार कापलेले असतात आणि खालच्या पत्र्यावर अंधारात चमकणारा रंग असतो, त्यामुळे अंक छापलेले न दिसता विहिरीच्या तळाशी असल्यासारखे दिसतात. पाणबुड्याला काळोखात वेळ दिसावी म्हणून अधिक रंग मावण्याची ही सोय होती.

मी दोन्ही पत्रे ०.३ मिलिमीटरचे पितळी घेतो. एकत्र जाडी वाढली तर काटे बसायला मधल्या नळीवर जागा उरत नाही. वरच्या पत्र्यावर कागदावर काढलेले अंक चिकटवावेत, प्रत्येक अंकात ०.८ मिलिमीटरचे भोक पाडावे, त्यातून सोनाराच्या बारीक करवतीचे पाते ओवावे आणि लाकडी खुंटीवर पत्रा टेकवून कापावे. पाते उभे राहिले पाहिजे, आणि वळणावर पुढे ढकलण्याऐवजी जागच्या जागी वरखाली करत पत्रा फिरवावा. एका तबकडीला माझी सहा-सात पाती तुटतात. शेवटी रेघेच्या आत राहिलेला केसभर पत्रा सुईकानशीने काढावा.

देवनागरी अंक जरूर कापावेत. एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळात देवनागरी अंक मिरवलेले पाहिलेल्या पिढीला ते ओळखीचेही वाटतात. अडचण फक्त बंद गाठींची असते. इंग्रजी 6 आणि 9 कापताना पोटातला तुकडा खाली पडतो, म्हणून तेथे पूल ठेवावा लागतो. देवनागरीत २, ३ आणि ६ मोकळे आहेत, पण १ च्या डोक्यातली आणि ९ ची गाठ सुटून पडते. मी १ ची गाठ खालच्या बाजूने किंचित उघडी ठेवतो आणि ९ ला अर्ध्या मिलिमीटरचा पूल देतो. १२ वाजण्याच्या जागी १ आणि २ हे अंक शेजारी बसवताना मधली भिंत एक मिलिमीटरपेक्षा बारीक करू नये, नाही तर ती रंगाच्या वेळी वाकते. मूळ नाव जेथे असते तेथे माझ्या तबकडीवर ‘ठाणे’ असे आहे, कारण माझे आडनाव त्या जागेत मावले नाही.

तबकडीचे पाय, म्हणजे ती मशीनवर बसवणाऱ्या बारीक खुंट्या, झाळून घ्यायचे असतील तर ते रंगापूर्वी झाळावेत. चमकणाऱ्या रंगाची पूड पारदर्शक लॅकरमध्ये घट्टसर कालवून दोन-तीन थरांत लावावी.

१०. मला सेकंदकाटा नको आहे. तबकडीला त्याचे भोक न पाडता चालेल का?

हा प्रश्न बहुतेकांना तबकडी पुरी झाल्यावर पडतो आणि तोवर उशीर झालेला असतो. ६४९७ मध्ये चावी ३ च्या बाजूला धरली तर छोटा सेकंदकाटा ९ च्या बाजूला येतो, आणि काटा लावला नाही तरी त्याचे बारीक टोक मशीनमधून वर आलेलेच असते. भोक नसलेली तबकडी त्यावर टेकली की चौथे चाक, म्हणजे सेकंदकाटा फिरवणारे चाक, दाबले जाते आणि घड्याळ थांबते. उपाय दोन आहेत. आखूड टोकाचे चौथे चाक मिळते, ते घड्याळजीकडून बदलून घ्यावे, किंवा ९ जवळ भोक ठेवून छोटा काटा मान्य करावा. टोक कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये, कारण कापताना चाकाची धुरी वाकते. सेकंदकाटा ६ च्या बाजूला हवा असेल तर मशीनच ६४९८ घ्यावे.

११. काट्यांना निळा रंग कसा येतो?

तो रंग लावलेला नसतो, पोलाद तापवून आणलेला असतो. पितळेच्या लहान ताटलीत पितळेचाच कीस पसरावा, त्यावर चकाकी आणलेला आणि स्पिरिटने पुसलेला पोलादी काटा ठेवावा आणि खाली स्पिरिटचा दिवा धरावा. काटा आधी गवती पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास मोरपिसाच्या डोळ्यासारखा निळा. त्या क्षणी तो उचलावा. दोन सेकंद उशीर झाला की रंग फिका आणि राखी होतो, आणि पुन्हा घासून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याने काट्याचे एक टोक जांभळे आणि दुसरे निळे होते. पितळी काटे असे निळे होत नाहीत.

१२. पितळी केसने मनगट हिरवे होते. काय करावे?

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, त्यातलाच हा प्रकार आहे. आंबट घामाने तांबे विरघळते आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते लवकर होते. पितळ किंवा गनमेटलची केस ठेवून मागचे झाकण ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे करावे. पानेराईने २०११ मध्ये काशाची केस आणली तेव्हा तिचेही मागचे झाकण दुसऱ्या धातूचे होते. जर्मन सिल्व्हर टाळावे. त्यात निकेल असते आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही.

१३. पावसाळ्यात वापरता येईल का?

नाही. मूळ घड्याळ पाणबुड्यांचे असले तरी आपले नाही. झाकणाला रबर असले तरी दाबाची चाचणी झालेली नसते. जुलैत ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारून आलो तेव्हा माझ्या काचेवर आतून वाफ धरली होती. तसे झाल्यास चावी बाहेर ओढून घड्याळ सिलिका जेलच्या डब्यात ठेवावे आणि दुसऱ्याच दिवशी उघडून घ्यावे. पावसाळ्यात मशीन हाताळताना बोटांवर रबरी टोपणे घालावीत. उघड्या बोटांचा ठसा पोलादी भागावर गंजून कायमचा राहतो.

१४. वेळ किती अचूक राहावी?

दिवसाला १५ सेकंदांच्या आत फरक राहिला तर समाधान मानावे. स्विस प्रमाणपत्रासाठी सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद एवढीच मुभा असते, पण ते मशीन कारखान्यात जुळवलेले असते. मोबाइलवर टिकटिक ऐकून फरक सांगणारे ॲप मिळते. त्यात मशीनचा ठोका बरोबर निवडावा: जुने ६४९७ ताशी १८,००० आणि एसटी३६ ताशी २१,६०० ठोके देते. घड्याळ अचानक तासाला काही मिनिटे पुढे पळू लागले तर बालकमानी चुंबकित होऊन वेटोळी चिकटली असण्याची शक्यता मोठी. ते चुंबकत्व घड्याळजीकडे एका मिनिटात निघते. शिवणयंत्राचे तेल आत घालू नये.

१५. जुन्या एचएमटीचे मशीन काढून वापरले तर?

करता येते, पण ते लहान असल्यामुळे एनएच३५ बद्दल प्रश्न ३ मध्ये सांगितलेली अडचण येथेही येते. शिवाय सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळूरमध्ये बनू लागलेली ही घड्याळे आता पूर्वीसारखी बनत नाहीत. चालू ‘जनता’ मोडून आपला छंद भागवणे मला पटत नाही. केस सडलेली आणि मशीन जिवंत असेल तर गोष्ट वेगळी.

जुन्या तबकडीवरचा चमकणारा रंग मात्र खरवडू नये, मग ती कोणत्याही कंपनीची असो. १९६० च्या दशकापर्यंत अनेक कंपन्या रेडियम वापरत. त्याची चमक गेलेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. ती पूड श्वासात जाणे सर्वांत वाईट.

१६. खर्च आणि वेळ किती लागतो?

माझ्या पहिल्या घड्याळाला लेथ सोडून सुमारे १४ हजार रुपये आणि आठ महिन्यांच्या संध्याकाळी लागल्या. निम्मे पैसे वाया गेलेल्या सामानाचे होते. दुसऱ्याला खर्च निम्मा आला, वेळ तेवढाच लागला.

१७. मला एक बनवून द्याल का?

नाही. कारण प्रश्न ४ मध्ये आहे, आणि दुसरे कारण असे की सध्या मनगटावर असलेले घड्याळ दिवसाला २२ सेकंद मागे पडते आणि ते का पडते हे मला अजून सापडलेले नाही.